मोती आता हलत नाही: छायाचित्रकारांसाठी सूचना

प्रथम पात्रता तपासा. ज्यांच्या घरचा मोती चौदा वर्षांचा झाला आहे, डॉक्टरांनी 'किडनी' म्हणून नजर औषधांच्या कपाटाकडे वळवली आहे आणि 'आता त्याला आवडेल ते घाला' असं सांगितलं आहे, त्यांनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी पिल्लाचे फोटो काढत राहावं. ते सगळेच चांगले येतात.

मुख्य अडचण समजून घ्या. १८३९ साली दागेरचा कॅमेरा जाहीर झाला, तेव्हा फोटोसाठी माणसाला काही मिनिटं न हलता बसावं लागे. मोती त्या कामाला कधीच लायक नव्हता. तळजाई टेकडीवर फोन बाहेर काढला की चौकटीत शेपटी तेवढी उरायची. दिवाळीच्या फोटोत आजीच्या साडीमागे पांढरा फराटा दिसतो, तो तोच. 'बस, हलू नको' म्हणून घरातल्या सगळ्यांचे घसे बसले. आता तो बसलाय, हलत नाही आणि लेन्सकडे टक लावून पाहतो. नेमका आता तुमचा हात हलतो. उपाय: कोपर लादीला टेकवा.

म्हणजे तुम्ही आपोआप खाली आलात. उत्तम. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीत हवा. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्रा पायपुसण्यासारखा दिसतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी आधी, आपल्याला उठवणारं कुणी घरात आहे ना, हे पाहून घ्यावं.

फ्लॅश बंद. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो; फ्लॅश उडाला की डोळे हिरवे पेटतात. त्यापेक्षा सकाळी गॅलरीचं दार उघडून त्याची गोधडी तिथे ओढा. कुत्रा काळा असेल तर फोन त्याला राखाडी करून टाकतो. पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवा. पांढऱ्याला थोडा चढवा. काळ्याच्या तोंडाभोवतीचे केस पिकलेत, ते मात्र तसेच राहू द्या. पुतणी फिल्टर लावून ते काळे करून देईल म्हणते. तिला चहा टाकायला पाठवा. डोळ्यांतली निळसर झाक म्हातारपणी भिंगाचा गाभा घट्ट होत गेल्याने येते. बहुतेक वेळा तो मोतीबिंदू नसतो आणि तुम्ही कोण हे त्याला त्यातूनही दिसतं.

चौकटीत काय घ्यावं यावर घरात दोन तट पडतात. आईचं म्हणणं, सलाईनची बाटली, डायपर, पोटाखाली घालून त्याला उभं करायचा तो जुना टॉवेल, सगळं आधी उचला. लोक काय म्हणतील! माझं मत टॉवेलच्या बाजूने. आंघोळ घालून, नवा पट्टा बांधून काढलेला मोती वर्षभराने कॅलेंडरवरचा कुठलाही कुत्रा वाटेल. तो टॉवेल मात्र तुमच्याच घरातला. दहीभाताचा फोटो हवा असेल तर फोन आधीच हातात ठेवा. तो आता तीनच घास खातो.

'फोटो कशाला, मनात राहील' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना रायगडावर पाठवा. शिवाजी महाराजांचा कुत्रा वाघ्या खरोखर होता की नाही, यावर अजून भांडण चालू आहे. शिवसमाधीजवळचा त्याचा पुतळा १९३६ सालचा. २०१२ मध्ये तो काढला गेला, काही दिवसांत परत बसवला गेला आणि २०२५ मध्ये हटवण्याची मागणी पुन्हा निघाली. शिवकाळात कॅमेरा नव्हता, हे मान्य. तुम्हाला ती सबब नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो टाकू नका. आत्या हळदीचे उपाय सांगू लागते, मग कुणीतरी घाईघाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळं होतं आणि त्याच वेळी मोती गॅलरीत धडपडत उठून कबुतरावर भुंकत असतो. तो फोटो हललेलाच येईल: कान दोन ठिकाणी, शेपटी कुठेच नाही. तोच ठेवा. फोनमध्ये जागा नसेल तर मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ आहेतच.