चावी कुणाकडे?

इंग्लंडात 2011 साली लोकॅलिझम कायदा आला. गावाने नोंदवून ठेवलेला पब किंवा वाचनालयाची इमारत विक्रीला निघाली, तर पैसे जमवायला गावकऱ्यांना सहा महिन्यांची मुदत मिळते. उल्हासनगरात अशी मुदत कुणी मागत नाही. रिकामा भूखंड बळकवायला एक रात्र पुरते.

यात शहराचा तरी काय दोष? ते जन्मालाच सरकारी मालमत्तेत आलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत आलेले सिंधी निर्वासित, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी बसवलेली कोनशिला. बराकींत संसार थाटले गेले, धंदे उभे राहिले, सरकारने रीतसर सनदा दिल्या. सरकारी मालमत्ता लोकांच्या हाती जावी तर अशी.

पुढे क्रम उलटला. आधी ताबा, मग कागद.

2005 मध्ये उच्च न्यायालयाने 855 बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. 2006 मध्ये बेकायदा बांधकामं नियमित करायला कायदा झाला, तोही खास उल्हासनगरसाठी. सरकार सामान्य माणसाचं ऐकत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा उल्हासनगरच्या कॅम्पात येऊन जावं.

आता ताबा घ्यायची सभ्य रीतही आली आहे. तिला लोकसहभाग म्हणतात. निधी आमदारांचा, जागा पालिकेची, काम ठेकेदाराचं आणि चावी मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे भाऊंकडे. लोकांचा सहभाग उद्घाटनाला टाळ्या वाजवण्यापुरता.

कुठल्याही समाजमंदिरात डोकावून बघा. दर्शनी भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. प्रयत्न एकाचे, नावं पंधरा. आत केटररची पातेली, मंडपवाल्याच्या खुर्च्यांची चवड, कोपऱ्यात गेल्या गणपतीचं बंदी असलेलं थर्माकोल. बारसं, हळद, साखरपुडा करायचा तर भाडं अजिबात नाही. फक्त 'देणगी'.

पावती मागितलीत? नवीन राहायला आलात वाटतं.

शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शके 982 च्या शिलालेखात राजाचं नाव आहे. तो शक नेमका वाचताना संशोधकांची दमछाक झाली. आमच्या समाजमंदिरावरचं भाऊंचं नाव धावत्या लोकलमधून वाचता येतं. प्रगती आहे.

कायदा नाही असंही नाही. महापालिका अधिनियमाचं कलम 79 सांगतं, पालिकेची जागा भाड्याने द्यायची तर बाजारभाव सोडू नका. समाजकार्याला सवलतीच्या वाटा आहेतच. आणि आपल्याकडे समाजकार्य न करणारा माणूस दाखवा एक तरी!

मुंबईने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. मैदानं संस्थांना सांभाळायला दिली, संस्थांनी ती इतक्या मायेने सांभाळली की काहींचे क्लब झाले. 2016 मध्ये पालिकेला ती परत मागत फिरावं लागलं. दिलेलं परत मागणं किती अवघड असतं, हे उसने पैसे दिलेल्या कुणालाही विचारा.

बरं, इथे जाब विचारायचा कुणाला? अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची मुदत 2020 मध्ये संपली, निवडणूक झाली डिसेंबर 2025 मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक. उल्हासनगरात 2022 पासून 2026 च्या निवडणुकीपर्यंत तेच. नगरसेवक माजी झाले. त्यांच्या चाव्या माजी झाल्याचं ऐकलंत?

संस्थांनी काही चालवूच नये, असं म्हणणं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू आहे. बदलापुरात श्याम जोशींनी ग्रंथसखा उभं केलं, तिथे मराठी पुस्तकांसाठी लांबून अभ्यासक येतात. अशा जागांवर कार्यसम्राटांची नजर सहसा जात नाही. पुस्तकांच्या कपाटांमध्ये हळद लावायला जागा नसते ना!

व्यायामशाळा हवी, हॉल हवा, विरंगुळा केंद्र हवं. सार्वजनिक शौचालय कुणाला हवंय? हात वर करा.

पुण्यात हात वर झाले होते. 1999 च्या सुमारास महापालिकेने झोपडपट्टीतली शौचालयं बांधायला आणि चालवायलाही संस्थांना दिली. त्यात स्पार्क या संस्थेबरोबर महिला मिलन या गटातल्या, वस्तीतल्याच बायका होत्या. घरटी वर्गणी, झाडणारा नेमलेला, पाण्यावर लक्ष. जी वस्तू आपल्यालाच रोज सकाळी वापरायची आहे, ती सांभाळायला मंडळाचा अध्यक्ष लागत नाही.

आणि वालधुनी नदी? अंबरनाथ आणि उल्हासनगर या दोन्ही शहरांमधून वाहणारी एवढी लांबलचक सार्वजनिक मालमत्ता, पण 'आम्हाला चालवायला द्या' असा अर्ज नाही. वनशक्ती संस्था उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून हरित लवादात गेली, म्हणजे संस्थाच पुढे आली. पण ती नदी मागायला गेली नव्हती, नदी साफ करा म्हणायला गेली होती. तसल्या लोकसहभागाला आपल्याकडे विकासविरोधी म्हणतात.

शंका वाटत असेल तर एक करा. तुमच्या वॉर्डातल्या समाजमंदिराचा करारनामा, त्याची मुदत आणि जमाखर्च माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क दहा रुपये. कायद्याप्रमाणे उत्तर 30 दिवसांत येतं.

भाऊंचा फोन त्याच संध्याकाळी येतो.