हेव्याचा पत्ता: अंधेरी पूर्व

सत्तेचं मुख्यालय दिल्लीत, पैशाचं दलाल स्ट्रीटवर. हेव्याचं कुठे, असं कोणी विचारलं तर बेलाशक सांगावं : अंधेरी पूर्व, महाकाली केव्हज रोड. 1981 साली मुंबईत सुरू झालेल्या ओनिडा टीव्ही कंपनीचं ऑफिस तिथल्याच एमआयडीसीत. तिच्या जाहिरातीतला शिंगं आणि शेपूटवाला तो हिरवा सैतान ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याचं इंग्रजी ब्रीदवाक्य अजून पाठ असेल. मराठीत सांगायचं तर, शेजाऱ्याचा जळफळाट, मालकाचा थाट. टीव्हीच्या या ब्रीदवाक्यात चित्राबद्दल एक शब्द नव्हता, आवाजाबद्दलही नव्हता. शेजारी मात्र पहिल्याच शब्दात हजर.

तिथून चकाला इतकं जवळ, की रिक्षावाले यायला तयार होत नाहीत. चकाल्यात हिंदुस्थान युनिलिव्हरचं मुख्य कार्यालय आहे. पूर्वी ते बॅकबेला होतं, पण असे ऋणानुबंध चुकत नाहीत. याच कंपनीच्या रिनने एके काळी टीव्हीवरून देशभरच्या बायकांना सवाल केला होता, की तिची साडी तुमच्या साडीपेक्षा पांढरी कशी? तोपर्यंत आपली साडी स्वच्छ निघाली की काम संपत होतं. मग शेजारणीच्या दोरीवर लक्ष ठेवण्याचं काम वाढलं, आणि त्या कामाला सुट्टी नाही.

यावर अमेरिकेत फार आधी लिहून झालंय. नॉर्वेतून आलेल्या शेतकरी आईबापांचा मुलगा थॉर्स्टीन वेब्लेन याने 1899 मध्ये पुस्तक लिहिलं आणि श्रीमंत माणसं वस्तू वापरण्यापेक्षा दाखवण्यासाठी घेतात, असं सांगितलं. विद्वान मोठा, पण बिचाऱ्याला मुलुंड पाहायला मिळालं नाही. पैसा असताना दाखवण्यात काय मोठंसं? नसताना दाखवायचा, तोही चोवीस समान मासिक हप्त्यांत, ही खरी कर्तबगारी.

उपनगरात खरेदीची पद्धत सोपी आहे. वस्तू पसंत करतात लोक, पैसे भरतो आपण. कोणता फोन, केवढी गाडी, मुलाच्या मुंजीला कोणता हॉल, हे सगळं 'लोक काय म्हणतील' या खात्याकडून मंजूर होऊन येतं. कर्जाच्या अर्जावर मात्र या लोकांचं नाव कुठेच नसतं. सही आपली, पगाराच्या स्लिपा आपल्या, सिबिलचा आकडाही आपलाच.

आता फोनचंच बघा. 18 एप्रिल 2023 ला बीकेसीत ॲपलचं दुकान उघडलं, तेव्हा खुद्द टिम कुक दार उघडायला आले होते. तेव्हापासून नवा आयफोन आला, की तिथे पहाटेपासून रांग. 19 सप्टेंबर 2025 ला त्या रांगेत हाणामारीही झाली. रेशनच्या रांगेत भांडणाऱ्या आजीला नावं ठेवणारी नातवंडं दीड लाखाच्या वस्तूसाठी एकमेकांची कॉलर धरत होती. फोन घरी आला, की तो पडू नये म्हणून त्याला कव्हर घालतात. आणि ते कव्हर कसं? पाठीवर बरोबर सफरचंदाच्या जागी गोल भोक पाडलेलं. फोनला काही झालं तर एक वेळ चालेल, सफरचंद झाकलं जाता कामा नये.

गाडीची गोष्ट थोडी नाजूक आहे. देशातली पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहूनच चर्चगेटला सुटली. त्यामुळे बोरिवलीचा माणूस उंच, धिप्पाड एसयूव्ही घेतो आणि ऑफिसला एसी लोकलने जातो. बरोबरच आहे, हायवेवर गाडी काढली तर परत कधी येणार? गाडी आठवडाभर स्टॅक पार्किंगच्या वरच्या फळीवर पहुडलेली असते. तिच्याशी रोजचा संबंध फक्त गाडी पुसणाऱ्याचा. रविवारी तिला खाली उतरवतात आणि डी-मार्टला नेऊन आणतात. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत निघालं, तेव्हा दोन रुपये वाचवायला लोक जातात अशी समजूत होती. अजूनही जातात, फक्त आता पंधरा लाखांच्या गाडीतून.

डी-मार्टमधून घरी येताना मात्र खबरदारी घ्यावी लागते. तूरडाळ आणि फिनेल कोणत्या पिशवीतून लिफ्टपर्यंत न्यायचं, याला महत्त्व आहे. त्यासाठी प्रत्येक घरात महागड्या दुकानांच्या कागदी पिशव्यांचा साठा असतो. घाटकोपरच्या मॉलमध्ये कधीतरी एक शर्ट घेतलेला असतो. शर्टाचा रंग कधीच उडालेला असतो, पण पिशवी गादीखाली सपाट ठेवून तिची घडी जपलेली असते. त्या पिशवीतून आधी ऑफिसचा डबा जातो, मग भिशीचा ढोकळा, मग मावशीकडची आंब्याची डाळ. दोरीची गाठ सुटली, की आतून सेलोटेप लावतात. बाहेरून लावली तर नाव झाकलं जाईल.

या सगळ्याला खरी धार आणली ती रिडेव्हलपमेंटने. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने सोसायटीच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत 'श्रमसाफल्य' आणि 'स्नेहवर्धिनी' धडाधड कोसळल्या. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांची नावं ग्रीक असतात की इटालियन, हे तिथे राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही. कुरियरवाल्याला पत्ता सांगताना 'ती जुनी श्रमसाफल्य' असंच सांगावं लागतं. जुन्या सभासदांना थोडा जास्त कार्पेट एरिया आणि कॉर्पस मिळतो. कॉर्पसचं व्याज वाढीव मेंटेनन्सला उपयोगी पडावं, असा मूळ हिशेब. पण समोरच्याने फॉल्स सीलिंग केलेलं असतं. मग आपलंही सीलिंग खाली येतं आणि कॉर्पस वर जातो, कायमचा.

भिंतीवर टीव्ही हवाच. 22 सप्टेंबर 2025 ला 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. वाचलेले पैसे खिशात राहतील, असं सरकारला वाटलं असेल, तर सरकारला आमचा हॉल माहीत नाही. 43 इंचांचा टीव्ही बघायला गेलेली माणसं 65 इंचांचा घेऊन परतली. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये 65 इंची पडद्यावर हिरोचं एका वेळी एकच नाक दिसतं. पूर्ण चित्र बघायचं, तर समोरच्या विंगमधूनच बघावं लागतं, आणि तिथले लोक बघतातही. ओनिडाचा सैतान याहून वेगळं काय म्हणत होता?

पैसे कुठून येतात, हा प्रश्न असभ्य समजला जातो. पूर्वी ऋण काढून सण करणाऱ्याला लोक हसायचे. आता दसरा जवळ आला, की सणाआधी ऋणाचीच जाहिरात दारात येते, 'नो कॉस्ट ईएमआय'. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. ते व्याज प्रोसेसिंग फीच्या पदराआड लपलेलं असतं. शून्य टक्के गेलं आणि 'नो कॉस्ट' आलं. हिशेब असा : रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत तुमच्या व्याजात वळती होते आणि क्रेडिट कार्डावर असाल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे जे व्याज नाहीच, त्याच्यावर कर मात्र आहे. अद्वैत याहून सोपं करून कोणी सांगितलं नसेल.

या दुखण्यावर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक इलाज सुचवला गेला. रिवाजाप्रमाणे कोरम नव्हता, रिवाजाप्रमाणे अर्धा तास थांबून सभा सुरू झाली. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' आले तसे तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे मुद्दा कागदावर मांडलेला. सभासद ज्या वस्तू घेतात त्या इतर सभासदांनी बघाव्यात म्हणून घेतात, तेव्हा बघणाऱ्यांनी हप्त्यात वाटा उचलावा. मेंटेनन्स बिलात सिंकिंग फंडाच्या खाली 'नजर शुल्क' असा रकाना टाकावा. थांबून बघणाऱ्याला पूर्ण दर, तिरप्या नजरेला निम्मा. 'कितीला पडली?' असं विचारणाऱ्यावर अधिभार.

सभेत एकच गदारोळ. आम्ही कोणाकडे बघतच नाही, आम्ही का भरायचं? बी विंगच्या वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात डोकवायला वेळ कुणाला आहे हो? आणि 702 वाल्यांचा सोफा मुळात लेदरचा नाहीच, रेक्झिन आहे!" सेक्रेटरींनी कधी कोणाची गाडी पाहिली नव्हती. पण कोणाचं मॉडेल बेस आणि कोणाचं टॉप, हे त्यांना तोंडपाठ होतं. खजिनदारांनी हिशेब करून सांगितलं, की या शुल्कातून सोसायटीला शून्य रुपये मिळतील.

काका शांतपणे म्हणाले, "मग इतिवृत्तात तशी नोंद करा. या इमारतीत कोणी कोणाकडे बघत नाही. ज्यांचे हप्ते चालू आहेत, त्यांनी आपापल्या बँकेला तसं कळवावं."

अध्यक्षांनी बाजूने असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. सगळेच्या सगळे हात वर गेले, चांगले कोपरापर्यंत बाह्या सरकवून, म्हणजे मनगटावरची स्मार्टवॉच मागच्या रांगेलाही दिसावीत. ठराव एकमताने मंजूर झाला.