ज्याच्या हाती टेप

'द दा विंची कोड' वाचून संपवली त्याच संध्याकाळी मी आईच्या शिवणमशीनच्या खणातून टेप काढली आणि घरातल्यांच्या बेंब्या मोजायला घेतल्या. माणसाची उंची भागिले जमिनीपासून बेंबीपर्यंतचं अंतर बरोबर 1.618. हेच ते सुवर्ण गुणोत्तर. जगातलं सगळं सौंदर्य म्हणे याच आकड्यावर उभं आहे.

बाबांपाशी घोडं अडलं. त्यांची बेंबी पोटाच्या घाटमाथ्यावर. टेप सरळ धरली तर ती हवेत लोंबकळायची, अंगालगत नेली तर घाटाला वळसा पडायचा. सरळ धरून उत्तर आलं 1.71, वळशाने 1.58.

"मधलं काहीतरी लिही," बाबा म्हणाले. ऑडिटला तोंड देण्यात त्यांची हयात गेली होती. मी 1.62 लिहिलं.

पुढे बरंच वाचल्यावर कळलं की आमच्या बाबांचे अनुयायी जगभर पसरलेले आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉनवर सोनेरी चौकट चढवलेली चित्रं तुम्हीही पाहिली असतील. ती चौकट नीट बघा. कधी खालच्या पायऱ्या आत, कधी बाहेर. वरचा त्रिकोण मोडलेला, त्याचं टोक अंदाजाने काढलेलं. बांधणाऱ्यांना काय हवं होतं ते जोतं सांगतं : लांबी साधारण 69.5 मीटर, रुंदी 30.9. भागाकार सव्वादोन. नवास चार, असा रोखठोक हिशेब.

नॉटिलसच्या शिंपल्याचंही तेच. खरं सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात 6.85 पट मोठं होतं. हा बिचारा जीव साधारण तिपटीवर थांबतो. निम्म्याहून जास्त सूट तर दिवाळीच्या सेललाही मिळत नाही! पाकिटातलं एटीएम कार्डसुद्धा सुवर्ण आयत असतं म्हणतात. मोजलं. 85.6 मिलीमीटर बाय 54, म्हणजे 1.585. अगदी बाबांचा वळशाचा आकडा.

सगळ्यात वाईट वाटलं ते लिओनार्दोचं. वर्तुळात हातपाय पसरून उभ्या असलेल्या त्याच्या माणसाला या प्रकरणात कायमचं साक्षीदार केलंय. त्या चित्राभोवती लिओनार्दोने स्वतःच्या हाताने मापं लिहून ठेवलीत : उंचीचा चौथा भाग, आठवा, दहावा. 1.618 चं नावही नाही. हां, त्याचा मित्र लुका पाचोलीने 1509 मध्ये 'दैवी प्रमाण' नावाचं पुस्तक छापलं आणि त्यातल्या घनाकृती लिओनार्दोने काढल्या, हे खरं. पण इमारतींचा विषय निघाल्यावर पाचोलीही साध्या अपूर्णांकांवरच आला.

हे सगळं मी आईला स्वयंपाकघरात सांगत होतो. ती ओट्याशी भेंड्या चिरत होती.

"सुवर्ण हे नाव कोणी ठेवलं?"

"युक्लिडने नाही. त्याचं नाव फार रुक्ष होतं, अंत्य-मध्य गुणोत्तर. 'सोनेरी' हा शब्द 1835 मध्ये मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात छापून आला. विजेतला ओमचा नियम आहे ना, त्या ओमचा भाऊ."

"म्हणजे दोन हजार वर्षांनी मुलामा दिला. एक ग्रॅमचंच की!"

मला गुणोत्तराची बाजू घेणं भाग पडलं. बाकी सगळं खोटं निघालं तरी सूर्यफुलाच्या बियांच्या ओळी एका बाजूने 34 आणि दुसऱ्या बाजूने 55 भरतात, ते याच घराण्याचे आकडे. आणि समभुज, समकोन असा पंचकोन घेतला की कर्ण भागिले बाजू नेमकं 1.618... तिथे पायऱ्या धरा, सोडा, असली भानगड नाही. युक्लिडच्या हातची सिद्धता आहे.

"पंचकोन म्हणजे हा?" आईने सुरीच्या टोकावर भेंडीची चकती पुढे केली.

पाच कोपरे, पाच कप्पे, प्रत्येकात एक पांढरी बी. इतकी वर्षं मी हे ताटात चिवडत होतो! कंपासपेटीतली पट्टी आणायला धावलो. चकती बुळबुळीत, पट्टी टेकवली की तार सुटून ती निसटायची.

"पुसून सुकवायला वेळच नाही मिळाला," आई म्हणाली. "किती आलं?"

बाजू 10 मिलीमीटर. कर्ण 15. म्हणजे दीड.

आई पुढची भेंडी घ्यायला वळली. तेवढ्यात मी पट्टी जराशी सरकवली.