गुणपत्रिकेतले नाणे

अमेरिकेत 1986 साली पीसीजीएस आणि पुढच्याच वर्षी एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या, आणि नाण्यांनाही दहावीसारखे गुण सर्रास मिळू लागले; फक्त पैकीच्या पैकी म्हणजे 70. नाणे गुणपत्रिकेसह प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होते आणि संग्राहक नाणे सोडून लेबल वाचत बसतो. कुणी डबी फोडून चांदीचा जुना मॉर्गन डॉलर अल्बमच्या खाचेत बसवला, की हाकाटी सुरू: दर्जा गेला, किंमत पडली! आक्षेप अगदीच पोकळ नाही. अल्बमची पारदर्शक पट्टी धसमुसळेपणाने सरकवली तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या गालावर ओरखडे उठतात. 1909 च्या साध्या सेंटवर टांकसाळीचे ‘एस’ हे चिन्ह चिकटवून तो दुर्मीळ म्हणून खपवणारे महाभागही आहेत. तेव्हा तसले अस्सल नाणे डबीतच बरे. पण तपासणीच्या शुल्काहूनही स्वस्त नाण्याला हमी हवी कशाला? डबी फोडल्याने चांदी घटत नाही, फक्त एक मत बाजूला होते. तेच नाणे पुन्हा पाठवले तर कधी जास्त गुण पडतात, म्हणून तर व्यापारीही डब्या फोडतात. त्यांनी फोडली तर धंदा, हौशी माणसाने फोडली तर पाप! मॉर्गन डॉलरची 1878 पासूनची सालवार रांग डोळे भरून पाहायची असेल, तर लेबल जपून ठेवावे आणि डबी खुशाल फोडावी.