बिनपगारी ॲडमिनची अवजारपेटी

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने आणि त्यांच्यासमोर लागलेल्या गाड्या यांतून जी जागा उरते, तिथे माणसं राहतात. त्यांच्या प्रत्येक फ्लॅट स्कीमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि ग्रुपला एक ॲडमिन. त्याची निवडणूक होत नाही. मीटिंगला जो गैरहजर, तो एकमताने निवडून येतो. पगार शून्य, काम चोवीस तास. अशा नवनियुक्तांसाठी हे मार्गदर्शन.

पहिलं अवजार चष्मा, जवळचा. त्यातून मजकूर वाचायचा नाही, मजकुराच्या डोक्यावरचे बाण बघायचे. एक बाण असेल तर मेसेज कुठून तरी ढकललेला. जोडबाण असेल तर निदान पाच हातांतून फिरून आलेला. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिल्याची बातमी वर्षानुवर्षं याच जोडबाणावर बसून येते. युनेस्कोने असं काहीही केलेलं नाही. मात्र हे ग्रुपवर जाहीर करणाऱ्या ॲडमिनने येत्या कोजागिरीला आपलं दूध घरूनच न्यावं.

बाणांची गोष्ट गमतीची नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला घेतली. एप्रिल 2020 पासून जोडबाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

दुसरं अवजार शेपूट-परीक्षा. ग्रुपवर लग्नपत्रिका आली की मुहूर्त आणि हॉल नंतर बघावा, आधी फाइलच्या नावाचं शेपूट बघावं. पत्रिका फोटो म्हणून येते, नाहीतर पीडीएफ म्हणून. शेपटाला ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप. ते फोनमध्ये बसलं की ओटीपी परस्पर वाचू शकतं, आणि आहेर न मागता जातो. वाहनाच्या चालानाच्या नावाने येणाऱ्या फायलींनाही हीच परीक्षा लावावी.

वीजवाला मेसेज तर शेपूट न बघताही ओळखू येतो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा.’ असे मेसेज आपण कुणाच्या खासगी मोबाइलवरून पाठवत नाही, हे महावितरणने वारंवार सांगितलंय. तरी बिल भरलेलाच माणूस आधी घाबरतो.

तिसरं अवजार कायद्याचं, आणि ते नागपुरातच घडलेलं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तो रद्द केला. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत नसेल, तर सदस्याच्या पोस्टचं खापर ॲडमिनवर फोडता येत नाही. ॲडमिनच्या हाती काय, तर माणसं घेणं आणि काढणं, हेही न्यायालयाने नोंदवलं. पुढे 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकारही दिला.

अधिकार मिळाला, वापरायची हिंमत ॲपमध्ये येत नाही. कारण ग्रुपवर कचरा टाकणारा बहुधा कुणी भामटा नसतो. ते तिसऱ्या मजल्यावरचे काका असतात, ज्यांनी ॲडमिनच्या वडिलांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलेलं असतं. त्यांचा मेसेज पुसला की सकाळी जिन्यात प्रश्न येतो, “काहून रे बाबू, काय वाईट लिहिलं होतं मी?” यावर अवजार निघालेलं नाही. जिन्यातच मोबाइल हातात घेऊन काकांना जोडबाण दाखवावा, एवढंच.

कुणाचे पैसे गेलेच तर वाद न घालता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावावा.

आणि राजीनाम्याच्या विचारात असलेल्यांसाठी: एकुलता एक ॲडमिन ग्रुप सोडून गेला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणाही एकाला आपणहून ॲडमिन करतं. त्या उरलेल्यांत काकाही असतात.