सपाटीवरचे पाय

मंगळवेढ्याच्या माणसाला चालण्याचं कौतुक सांगू नये. एकादशीला पायी पंढरपूर गाठणारी माणसं आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. वीस-पंचवीस किलोमीटरला आम्ही अंतर मानत नाही. फक्त एक अट असते, ती कुणी बोलून दाखवत नाही: रस्ता सपाट पाहिजे. समुद्रसपाटीपासून आमचं गाव साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि गावातली नाव घेण्यासारखी चढण म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. औरंगजेबसुद्धा 1695 पासून चारेक वर्षं आमच्या शेजारी, भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकून होता. 1699 साली तो तिथून उठला, सह्याद्रीतले किल्ले घ्यायला निघाला आणि पुढं त्याचं जे झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे.

इतिहास माहीत असूनही आम्ही उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीला निघालो, कारण आमच्या हिनं ती दरी मोबाइलवर बघितली होती. सोबत तात्या. तात्या तालुक्याच्या दक्षिण भागातले, म्हणजे पाणी या विषयावर जन्मापासून आंदोलनात. "दहा किलोमीटर चढ? त्यात काय हाय?" असं ते दामाजी चौकात चारचौघांत म्हणाले आणि अडकले.

लोक म्हणाले, मेच्या सुट्टीत जाऊन या. पण मे महिन्यात तिथं बर्फ असतो. दरी उघडते 1 जूनला आणि खरी फुलते जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. हिमालयातला उन्हाळा आपल्या आषाढ-श्रावणात येतो आणि भिजलेला येतो. आमच्याकडं तेव्हा ढग नुसते बघून जातात.

सामानात हिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून आमच्या घरात भाकरीविषयी ब्र काढता येत नाही. वाटेत सोबतीला आलेल्या पोरापोरींकडं चकचकीत कागदातल्या खजुराच्या वड्या होत्या. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. कडक भाकरीला शिजायचंच नसतं. दुसऱ्या दिवशी त्या वड्यांच्या बदल्यात भाकरीचे तुकडे मागायला सगळा घोळका आमच्या खोलीत.

गोविंदघाट साधारण 1,800 मीटरवर. तिथून पुलनापर्यंत जीप जाते, पुढं घांगरियापर्यंत पायी. घांगरिया 3,000 मीटरच्या वर. म्हणजे आमच्या गावाची दोन गावं एकमेकांवर ठेवली तरी पुरत नाहीत एवढी उंची एका दिवसात चढायची. पहिल्या वळणावर तात्या पंढरीच्या वाटेवरच्या चालीनं निघाले. तिसऱ्या वळणावर ते निसर्ग बघायला थांबले. त्यानंतर त्यांनी निसर्ग फारच बारकाईनं बघितला. पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारे कंडीवाले शेजारून जायचे. "देवानं पाय दिल्यात, टोपलीत काय बसायचं?" असं तात्यांनी खाली ठणकावलं होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी दर विचारला, तोही शेजारच्यासाठी विचारतोय अशा चेहऱ्यानं.

ही मात्र चढत राहिली. "अहो, बोलू नका, चाला," एवढंच ती मधून मधून म्हणायची.

त्याच वाटेनं शीख यात्रेकरू हेमकुंड साहिबला जातात. एक म्हातारे सरदारजी "वाहेगुरू" म्हणाले, तात्या "राम कृष्ण हरी" म्हणाले. पंढरपूरशेजारचे म्हटल्यावर सरदारजी हात जोडून उभेच राहिले. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 'आमचे भगत नामदेव' आणि 'आमचे नामदेव महाराज' यावर दोघांची प्रेमळ खेचाखेची चालली, आणि तेवढ्यात तात्यांचा दम परत आला.

दरीत राहता येत नाही. सकाळी घांगरियातून जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. 1931 साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेत शिखर सर करून उतरताना या दरीत आले, पुढं त्यानं तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि दरीचा शोध लागला. गढवाली मेंढपाळ त्याआधीपासून तिथं मेंढ्या चारत होते, पण मेंढ्यांनी पुस्तक लिहिलं नाही. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली. 2005 साली जागतिक वारसा यादीत नाव आलं.

दोन्ही बाजूंना ढगात शिरलेले कडे, मधे पुष्पावती नदी आणि पायापासून नदीपर्यंत गुलाबी, पिवळी, जांभळी फुलं. ही गप्प झाली. मीही गप्प झालो, तशीही तिथल्या विरळ हवेत बोलण्याची चैन परवडत नव्हती. तात्या धबधबे मोजत होते. शेवटी त्यांनी गाइडला विचारलं, "ह्ये पाणी किती टीएमसी? आन् कुणाच्या वाट्याचं?" गाइड म्हणाला, "गंगाजी का है." तात्यांना हा लवाद मान्य नव्हता.

मग त्यांना तण दिसलं. पॉलिगोनम नावाची पुरुषभर उंचीची वनस्पती दरीत पसरते, नाजूक फुलांना झाकून टाकते आणि वनखातं माणसं लावून ती उपटतं. हे ऐकल्यावर तात्या पहिल्यांदाच खुलले. "मेंढरं हाकलली, आता भांगलण करत बसा!" चराईबंदीमुळं हे तण वाढलं की नाही, यावर अभ्यासकांचेही दोन तट आहेत. तात्यांचा तट ठरलेला. जागतिक वारसा बघून मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यानं काढलेला निष्कर्ष असा की, रान कुणाचंही असो, खुरपं चुकत नाही.

तुम्ही जाणार असाल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा. आषाढी बहुधा उरकलेली असते आणि रब्बीची पेरणी लांब असते. दरडी कोसळून जोशीमठचा रस्ता बंद पडतो, तेव्हा परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. भाकरी माणशी लागेल त्याच्या दुप्पट न्या. आणि गुडघे चढताना नाही, उतरताना दुखतात. हे कुणी आधी सांगत नाही.