चाकणचा च

आमच्या सोसायटीतला एक मुलगा अकरावीला रशियन शिकतो. पटावर एक, हजर एक. त्याला ताप आला की वर्ग शंभर टक्के गैरहजर आणि उतरला की शंभर टक्के हजर. पहिला नंबर त्याचा, शेवटचाही त्याचाच. या वर्गाला मॉनिटर नाही. नेमला असता तर बिचाऱ्याला स्वतःचंच नाव ‘बडबड करणारे’ या मथळ्याखाली फळ्यावर लिहावं लागलं असतं.

वडील जर्मन, चाकणच्या एका कारखान्यात. आई रशियन, माहेर व्होल्गाकाठचं. घरात दोन भाषा, शाळेत इंग्रजी, खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना हिंदी आणि चेंडू वॉचमनच्या केबिनवर बसला की मराठी. शाळा अर्थातच इंटरनॅशनल. या शाळा आपल्याकडे उगवल्या त्या कारखान्यांच्या पाठोपाठ. मर्सिडीझवाले आधी पिंपरीत आले, मग त्यांच्या लोकांच्या मुलांसाठी १९९८ साली हिंजवडीची शाळा निघाली. तीच आता महिंद्र इंटरनॅशनल स्कूल. २००९ मध्ये फोक्सवॅगन चाकणला आली, मर्सिडीझही त्याच साली तिकडे सरकली आणि वाकड-बाणेरच्या लिफ्टमध्ये ‘गुटेन मॉर्गन’ ऐकू यायला लागलं. निगडी-आकुर्डीकडे आम्ही अजून ‘काय, निघाला का?’ यावरच भागवतो.

या मुलाच्या शाळेत आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, अभ्यासक्रम आहे. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. मुलाच्या मातृभाषेचा शिक्षक शाळेत नसला, तरी मुलाला त्या भाषेतलं साहित्य स्वाध्यायानं शिकता येतं. शाळा फक्त पाठीशी उभी राहते. एका पोरासाठी एक अख्खा विषय! आमच्या वेळी चाळीस पोरांना मिळून एक नकाशा होता, आणि त्यातही रशियाच्या घडीवर भोक पडलेलं.

तर या वर्गाला कुणीतरी ऐकणारं हवं म्हणून माझी नेमणूक झाली. बिनपगारी. पात्रता एवढीच की ऐंशीच्या दशकात भोसरीतली पहिली पाळी संपवून, लोकलनं शिवाजीनगर गाठून मी वर्षभर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलो होतो. कारण विचाराल तर पुस्तकं. मीर, रादुगा, प्रगती या सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं प्रदर्शनात इतकी स्वस्त मिळत, की न घेणं म्हणजे नुकसान वाटायचं. आमच्या भागातल्या क्लासांमधली जेईईची पोरं आजही मीरच्या इरोडोव्हची फिजिक्सची गणितं सोडवताना घामाघूम होतात. तोलस्तोयपेक्षा इरोडोव्हनं जास्त मराठी डोळ्यांतून पाणी काढलं असेल. माझं रशियन मात्र वर्षाअखेर ‘हा टेबल आहे, ती खिडकी आहे’ इथवर पोचलं आणि ओव्हरटाइम सुरू झाल्यावर तिथंच राहिलं.

पहिल्याच दिवशी मुलाच्या आईनं माझं नाव विचारलं आणि लगेच वडिलांचं. मला वाटलं, पीएफचा फॉर्म भरतेय की काय! मग कळलं, रशियनमध्ये मान द्यायचा तर नावापुढे वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. आपला दत्तात्रय पांडुरंग तिकडे दत्तात्रय पांडुरंगोविच होईल. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम दोन्हीकडे अगदी सारखा. आमच्या मधल्या नावावरून जगभरच्या विमानतळांवर गोंधळ होतो, तो मॉस्कोत होणार नाही असं मला उगाचच वाटून गेलं. शेवटी ती ‘काका’वर आली, कारण सोसायटीत सगळेच म्हणतात.

मुलगा वाचायचा, मी माना डोलवायचो. पण हळूहळू उलटंच व्हायला लागलं, मीच शिकायला लागलो. दार म्हणजे ‘द्वेर’, अग्नी म्हणजे ‘अगोन’, नभ म्हणजे ‘न्येबा’. साखर तर साखरच, आणि अननसाचा फक्त शेवट जरा लांबतो. बाई गेली तर ‘उश्ला’, बुवा गेला तर ‘उश्योल’. मी गेलो, मी गेले, तसंच. शाळेत बाकीची पोरं ‘माझा पुस्तक’ आणि ‘बस आला’ करत असताना हा पठ्ठ्या क्रियापदाचं लिंग चुकत नाही. लिंगं तीन असतात हे त्याला कुणी पटवून द्यावं लागलं नाही. फक्त कोणाचं कोणतं, यावर आमचं भांडण. त्याच्याकडे पुस्तक ही बाई आहे आणि सूर्य नपुंसकलिंगी. ‘ते सूर्य उगवलं’ असं तो एकदा म्हणाला. व्याकरण बिनचूक, देव तेवढा चुकला.

सगळ्यात मजा आली ती च-ची. आपण ‘चिंचवड’ आणि ‘चाकण’ एकाच च-नं लिहितो आणि दोन तऱ्हांनी बोलतो. बाहेरून आलेल्याला हे कोण सांगणार? तो बरीच वर्षं चाकणला चिंचवडच्या च-नं जातो. रशियन लिपीत मात्र दोन वेगळी अक्षरं आहेत. एक उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखं, ते चिंचवडचं. दुसरं चौकोनी भांड्याला खाली बारीक शेपटी फुटल्यासारखं, ते चाकणचं, म्हणजे चटणीचं, चमच्याचं, त्सारचं. वहीत दोन्ही गावं शेजारी शेजारी लिहिल्यावर मला माझ्याच जिल्ह्याचा उच्चार एका परक्या लिपीत स्पष्ट दिसला. पन्नास वर्षं मी बोलतोय ते खरंच दोन आवाज आहेत, याची लेखी पावती.

शाळेच्या प्रकल्पासाठी त्याला मी अफनासी निकितिन सुचवला. हा त्वेरचा व्यापारी १४७० च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी, चौलला उतरला. तिथून घाट चढून जुन्नरला आला तो एक घोडा घेऊन, विकून चार पैसे करायला. जुन्नरच्या असदखानानं घोडाच अडकवला. धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही. मुदत चार दिवस. शेवटी एक खुरासानी मध्ये पडला आणि घोडा सुटला. वशिला लागतो, तेव्हाही लागत होता. रेवदंड्यात आज निकितिनचा स्मारकस्तंभ आहे, १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ नावाचा सिनेमाही निघाला. मला मात्र तो आठवतो तो चिखलामुळे. जुन्नरच्या पावसाळ्याला त्यानं हिवाळा म्हटलंय आणि चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल अशी नोंद केलीय. शिवाय त्याची रशियन मधेच तुर्की होते, मधेच फारसी, अरबी. मुलगा हरखला. ‘काका, हा तर माझ्यासारखा लिहितो!’ त्याच्या स्वतःच्या टिपणांत रशियन वाक्यात इंग्रजी नाम आणि समासात मराठी ‘बघू’ असतं.

मग जुलैत जुन्नर बघायचं ठरलं. मी, तो, त्याची आई. चाकणहून साठेक किलोमीटर. सकाळी सातला निघालो आणि साडेआठला चाकणच्या तळेगाव चौकात उभे होतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंपनीची बस आणि तिच्यात झोपलेली रात्रपाळी. पाऊस. जवळच आत कुठेतरी संग्रामदुर्ग किल्ला. तिथे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला पन्नासहून जास्त दिवस अडवून धरलं होतं. हल्ली हे काम चौक एकटा सांभाळतो.

मुलगा खिडकीतून पाणी आणि चिखल बघत होता. वहीत त्यानं तारीख घातली आणि खाली रशियनमध्ये एक ओळ लिहिली. ‘काय लिहिलंस?’ विचारलं तर म्हणाला, ‘हिवाळा सुरू झाला.’

गाडी हलेना, तेव्हा उतरून टपरीवर गेलो. आईनं मुलाला सांगितलं, माझा बिनसाखरेचा. तो शब्द रशियनमध्ये ‘बिस्साखरा’ असा काहीसा ऐकू येतो. मुलानं मराठीत तोंड उघडायच्या आतच टपरीवाल्यानं पातेल्यातला डाव वर धरून मान हलवली.

‘नाही ओ ताई, साखर आधीच पडलीय.’